नकाशात झाड ठेवलंय, पण मुळांचं काय?

मृदगंध

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावातलं आमचं जुनं कौलारू घर उतरवून नवीन बांधायचं ठरलंय. जागा 60 बाय 100 फूट. मागच्या अंगणात जांभूळ आहे, आजोबांच्याही आधीचं. बुंध्याला मिठी मारायची तर दोन माणसं लागतात.

आर्किटेक्टनी झाड तोडा असं म्हटलेलं नाही. उलट नकाशात छान हिरवा गोल काढून शेजारी 'जुने झाड कायम' असं लिहून दिलंय. पण त्याच नकाशात बुंध्यापासून पाच फुटांवर घराच्या मागच्या कॉलमची रांग आहे, एका बाजूनं ड्रेनेजचा चर जातो आणि पाठीमागे नवीन कंपाऊंड. शिवाय रस्ता वर आल्यामुळे पावसाचं पाणी आत येतं, म्हणून अख्खं अंगण दोन फूट भरून घ्यायचंय.

मला हे पटत नाहीये. तिन्ही बाजूंनी खणून वर भराव टाकला तर ते झाड कशावर जगणार? घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, झाड ठेवलंय ना, आणखी काय हवं? आई म्हणते, जांभळाला काही झालं तर मी त्या घरात राहायला येणार नाही.

पाच फूट पुरतात का? नसतील तर किती सोडायचे? भरावाचं काय करायचं? आणि आर्किटेक्टसमोर हे मांडायचं तर कशाच्या आधारावर? ज्यांनी घर बांधताना मोठं झाड सांभाळलंय त्यांनी जरूर लिहा.

टिळकवाडी एक्सप्रेस

आधी एक सांगा ताई, जांभळं गोड आहेत की तुरट? बाकी चर्चा नंतर.

मृदगंध

गोड. गल्लीतली पोरं आणि पाखरं, दोघांनाही विचारा.

टिळकवाडी एक्सप्रेस

मग माझं मत झाडाला. होय की, घर काय, पुन्हा बांधता येतं.

पाया पक्का

मृदगंधताई, मी स्ट्रक्चरचं काम करतो, बेळगावातच. पाच फूट अजिबात पुरत नाहीत.

आधी मुळांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज बाजूला करू. झाड जेवढं उंच तेवढंच खाली खोल गेलेलं असतं, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटरच्या आत असतात आणि आडवी पसरतात, कित्येकदा फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर. परातीत तांब्या उभा करावा तशी ती रचना असते. कारण साधं आहे. मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते, आणि हवा वरच्या मातीतच असते. म्हणजे आपण ज्या थरात चर खणतो, मुरूम दाबतो, फरशी घालतो, नेमका तोच थर झाडाच्या जगण्याचा असतो.

आता आधार. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोजा. त्याला 3.14 नं भागलं की व्यास येतो. व्यासाच्या बारा पट त्रिज्या घेऊन झाडाभोवती वर्तुळ काढा. त्या वर्तुळात खणायचं नाही, भरायचं नाही, दाबायचं नाही. ब्रिटनचं बीएस 5837 हे 2012 चं मानक हाच हिशोब सांगतं. ऑस्ट्रेलियाचं एएस 4970 सुद्धा बारा पटच धरतं. कितीही मोठं झाड असलं तरी दोन्हीकडे त्रिज्येची कमाल मर्यादा 15 मीटर.

आपल्याकडे नकाशा मंजूर करताना समोर किती, बाजूला किती सोडलंय ते काटेकोर तपासतात. मुळांसाठी किती सोडलं, हा प्रश्न माझ्या कामात मला कुणी विचारलेला नाही. म्हणून तो घरमालकानंच विचारायचा, आणि नकाशा पेन्सिलीत असतानाच. फूटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या पायाची, आखणी झाली की उशीर झालेला असतो.

तुमच्या जांभळाचा घेर मोजून टाका. मागची हद्दीची भिंत बुंध्यापासून किती लांब आहे तेही कळवा.

खानापुरी

वर लिहिलंय त्यातलं भरावाचं कुणी हलकं घेऊ नका. आमच्या शेजारी फणस होता. कापा फणस, लांबून लोक मागायला यायचे. त्यांनी घर वर उचललं आणि अंगणात मुरूम टाकून रोलर फिरवला. झाडाला कुणी कुऱ्हाड लावली नाही, एक फांदीसुद्धा तोडली नाही. पहिल्या पावसाळ्यात काहीच दिसलं नाही. पुढच्या वर्षी फळं जास्तच लागली, सगळे खूश. मग शेंडे वाळायला लागले. वरून खाली, एकेक फांदी. कुणी म्हणालं कीड लागली, कुणी म्हणालं नजर. बुंध्यापाशी उकरलं तर जुनी जमीन दोन फूट खाली, आणि भरावातली बुंध्याची साल काळी पडून हातात येत होती.

डोळ्यादेखत गेलं. मुरूम टाकणाऱ्याला आजही पटत नाही की ते त्यामुळेच गेलं.

रोपवाटिका

खानापुरी, तुम्ही जे पाहिलंत ते अगदी नेहमीचं आहे. मुळं गुदमरली तरी साठवलेल्या अन्नावर मोठं झाड तीन ते पाच वर्षं काढतं, कधी त्याहून जास्त. संकटात सापडलेलं झाड एखाद्या वर्षी भरभरून फळतंही. लोकांना वाटतं झाडाला मानवलं. झाड खरंच मरतं तेव्हा कंत्राटदाराचा हिशोब मिटून जमाना झालेला असतो, त्यामुळे दोष कीड, वीज, म्हातारपण यांच्यावर जातो.

एक खूण सांगते. निरोगी मोठ्या झाडाचा बुंधा जमिनीला भिडतो तिथे पसरट होतो, मुळांचे कंगोरे बाहेर आलेले दिसतात. बुंधा खांबासारखा सरळ मातीत घुसलेला दिसला तर समजा की कुणीतरी भराव टाकलाय. तो पसरट भाग कायम उघडा राहिला पाहिजे. तिथली साल मातीखाली राहण्यासाठी नसतेच, ओल धरून कुजते.

बिल्डिंगलाईन

मी बांधकामाच्या धंद्यात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. राग नको.

बारा पट म्हणजे 70 सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला साडेआठ मीटर. आपल्याकडच्या लेआऊटमधला प्लॉट किती? तीस बाय चाळीस. म्हणजे 9 मीटर बाय 12 मीटर. वर्तुळ काढलं की घराला जागाच नाही. कर्ज काढून आयुष्यात एकदाच प्लॉट घेतलेल्या माणसाला तुम्ही काय सांगणार? शिवाय मुळांनी कंपाऊंड फुटतं, पाला गच्चीच्या पाईपात बसतो, वाऱ्यात फांदी पडून गाडी फुटली तर शिव्या आम्हाला. झाडं हवीतच. पण हे नियम मोठ्या बंगल्यांच्या देशातले आहेत.

पाया पक्का

राग कसला, मुद्दा रास्त आहे. तीस बाय चाळीसमध्ये प्लॉटच्या मधोमध मोठं झाड असेल तर मीही दुसरा प्लॉट बघा म्हणेन. म्हणूनच प्लॉट पाडतानाच जुनी झाडं नकाशावर घ्यायला हवीत. रस्ता किंवा बागेची मोकळी जागा झाडापाशी आणली तर कुणाच्याच घराच्या आड येत नाही. झाडं सपाट करून मग कोपऱ्यातल्या तुकड्याला बाग म्हणायचं, हे थांबायला हवं.

झाड प्लॉटच्या कडेला असेल तर मात्र मार्ग निघतो. वर्तुळ काही लक्ष्मणरेषा नाही. ऑस्ट्रेलियन मानकात क्षेत्राच्या 10 टक्क्यांपर्यंतचं अतिक्रमण किरकोळ धरतात. अट एवढीच की बुंध्याजवळच्या, झाडाला उभं धरणाऱ्या मुळांना हात लागू नये, आणि गेली तेवढी जागा वर्तुळाला लागूनच दुसऱ्या बाजूला मोकळी सोडावी.

पायाचंही तसंच. सलग खणून बांधलेला पाया मुळांची एक बाजूच कापून टाकतो. त्याऐवजी मोजके पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, आणि वर जमिनीला न टेकणारा बीम घेतला तर मधली मुळं जशीच्या तशी राहतात. वडगाव-येळ्ळूर पट्ट्यात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अंडर-रीम्ड पाईल विकसित केले, म्हणजे खाली फुगवटा असलेले साधारण साडेतीन मीटर खोल पाईल. ते हातानं फिरवायच्या ऑगरनं, म्हणजे मोठ्या गिरमिटानं, घेता येतात, जेसीबी झाडापाशी न्यावाच लागत नाही. मातीसाठी जे योग्य तेच झाडासाठीही योग्य, मग दोनदा विचार कशाला करायचा?

आणि काळ्या मातीत झाड तोडून लगेच वर घर बांधणं हाही धोकाच असतो. झाड जी ओल ओढून घेत होतं ती मातीत परत भरते, माती फुगते आणि पाया वर उचलला जातो. झाड काढलं म्हणजे कटकट संपली, असं होत नाही.

अप्पा शहापूर

मुलांनो, पाराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्या लहानपणी वडापिंपळाचा पार म्हणजे रचलेले दगड. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. आत माती, दगडांच्या फटीतून पाणी जायचं, मुंग्या जायच्या, वाराही जात असणार. बुंध्याभोवती हात-दोन हात मोकळी जागा. वटपौर्णिमेला बायका घागरीनं पाणी ओतायच्या ते सगळं मुरायचं. आता पार म्हणजे आरसीसी. वर ग्रॅनाईट, बुंध्याला चिकटून टाईल्स, आणि टाईल व बुंधा यांच्या मधली फटसुद्धा पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेली. भक्तीनंच करतात सगळे, वर्गणी काढून करतात. पण पूजेचं पाणी टाईलवरून वाहून गटारात जातं. देवाच्या झाडाला पाणी मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वड सोसतो. पारंब्या टेकवून दुसरीकडून सोय करतो. बकुळ, आंबा, जांभूळ यांना ते जमत नाही.

कॅम्पातली मावशी

अप्पा, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडे फुटपाथला पेव्हर बसवले तेव्हा बुंध्याला खेटून काँक्रीट ओतलं होतं. आम्ही चार घरच्या बायकांनी जाऊन कामावरच्या मुकादमाला बोलावलं आणि तो पट्टा फोडून घेतला. त्यानं कुरकुर केली, पण फोडून दिला. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, त्याची बातमी दाखवली. दिल्लीला लागू होतं ते आपल्या झाडाला का नको?

माझा प्रश्न वेगळा आहे. झाड उचलून दुसरीकडे लावतात ना हल्ली? मृदगंधच्या जांभळाचं तसं करता येईल का?

रोपवाटिका

मावशी, करता येतं पण मी सुचवणार नाही. उचलताना बुंध्याभोवतीचा मातीचा गोळाच काय तो सोबत जातो, बाहेर पसरलेली बहुतेक मुळं तुटतात. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी त्यातून सावरतात, छाटलेल्या फांदीलाही मुळं फोडणारी जात आहे ती. जांभूळ, चिंच, आंबा यांचं जुनं झाड उचललं तर जगण्याची खात्री कुणी देऊ नये. आणि जगलं तरी मोठी सावली गेलेलीच असते, खुंट उरतो. ज्याला जागेवरून हलवता येत नाही त्याच्यासाठी भिंत हलवावी, हे जास्त स्वस्त पडतं.

चंदगडचा पावणा

आम्ही सरहद्दीच्या पलीकडचे, पण बाजारहाट सगळा बेळगावात, म्हणून लिहायचा हक्क घेतो. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा झाडं जतन करण्याचा कायदा आहे. त्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येतच जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. म्हणजे मुळं कापून झाड मारलं तरी ते तोडणंच. 2021 च्या दुरुस्तीत 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. तुमच्याकडे कर्नाटकात काय आहे?

निपाणीकर

कर्नाटकात 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा. स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि हा अधिकारी वनखात्याचा असतो. निलगिरी, सिल्व्हर ओक, नारळ अशा काही जातींना सूट आहे. जांभळाला परवानगी लागेल असं धरूनच चाला. परवानगी देताना बदली झाड लावायची अट घालता येते.

अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला की काम लवकर होतं, हा आमचा अनुभव. ज्याला अडचण वाटते त्यानं इथे मजकूर टाकावा, मी लिहून देतो. झाडाच्या बाबतीत भाषेचा वाद मध्ये आणू नये असं मला मनापासून वाटतं. अर्ज घेणाऱ्यानंही कुठल्या तरी झाडाखालीच डबा खाल्लेला असतो.

जाता जाता: माझ्या भाच्याच्या परसात चंदनाचं झाड आहे, आपोआप उगवलेलं. त्याचं काय करायचं?

रोपवाटिका

चंदन कर्नाटकात 2001 पासून जमीनमालकाच्या मालकीचं झालंय, पण तोडायला परवानगी लागतेच. तोडू नकाच. आणि त्याच्या शेजारचं झाडही जपा. चंदनाची मुळं आजूबाजूच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांच्याकडून पाणी आणि क्षार घेतात. शेजारचा कढीपत्ता किंवा करंज काढून टाकला आणि मग चंदन का रोडावलं म्हणून बुचकळ्यात पडलेली माणसं मी पाहिलीत.

टिळकवाडी एक्सप्रेस

म्हणजे चंदन वास आपल्याला देतं आणि जेवतं करंजाकडे. आमच्या खोलीवरचा मित्र असाच होता, तोही सुगंधी होता.

मृदगंध

हसून हसून पुरेवाट. सगळ्यांचे आभार. भावाला अख्खा धागा वाचायला लावला. खानापुरींचा फणस वाचून तो गप्प झाला आणि स्वतःच टेप घेऊन मागे गेला.

घेर 220 सेंटिमीटर. म्हणजे व्यास 70, वर्तुळाची त्रिज्या 8.4 मीटर. बुंध्यापासून मागची भिंत 12 फूट. उजवीकडची भिंत 20 फूट, डावीकडे बरीच मोकळी जागा. मागे शेजाऱ्यांचं गोठ्याचं जुनं शेड आहे, खाली मातीच. पाया पक्का दादा, आता काय करू?

पाया पक्का

तुमच्या भावाला माझ्याकडून शाबासकी द्या.

आधी वाईट बातमी. बुंध्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत मोठी मुळं तोडली तर झाडाचा तोलच जातो. तुमच्याकडे ते अंतर 2.1 मीटर. नकाशातली कॉलमची रांग पाच फुटांवर, म्हणजे दीड मीटरवर. झाड वाळायची वाट बघायचीच नाही, आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात ते आडवं होऊ शकतं, आणि नव्या घरावरही पडू शकतं. आर्किटेक्टना ही एवढी एक गोष्ट सांगितलीत तरी ते रांग मागे घेतील.

आता चांगली बातमी. 8.4 मीटर म्हणजे साडेसत्तावीस फूट. मागची भिंत ते झाड 12, त्यात ही त्रिज्या मिळवली की साडेएकोणचाळीस. प्लॉटची लांबी 100. पुढे 60 फूट उरतात. समोर 15 फूट सोडले तरी घराला 45 फूट लांबी मिळते, आणि रुंदीला 60 मधून बाजूचे सोडून जे काही उरेल ते. एवढ्यात तुमचं सगळं कुटुंब ऐसपैस मावतं. म्हणजे घर पुढे सरकवलं तर वर्तुळाला हातही लागत नाही. समोर मोठी बाग आणि मागे घर, ही सवयीची आखणी फक्त उलटी करायची. बाग मागे आहेच, तयार, जांभळासकट.

धुण्याची जागा किंवा मागची पायरी थोडी आत आली तर ती पाईलवर किंवा घरातून बाहेर काढलेल्या स्लॅबवर घ्या. वर्तुळाचं क्षेत्र साधारण 222 चौरस मीटर, त्याचे दहा टक्के म्हणजे 22. त्याच्या आत राहा. मागे शेड असल्यानं पलीकडेही मुळं गेली असतील, शेजाऱ्यांशी गोड राहा. उद्या त्यांनी तिथे टाकी खणली तर तुमच्या वर्तुळाचा जवळजवळ पाव भाग जाऊ शकतो.

भराव: प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, उचला, अंगण उचलू नका. फाटकाशी चढ देऊन रस्त्याचं पाणी तिथेच अडवा, आतलं पाणी वर्तुळाबाहेरच्या शोषखड्ड्यात घ्या. मागचं अंगण पुढच्यापेक्षा खाली राहिलं तर दोन पायऱ्या करा.

ड्रेनेज: डावीकडून, वर्तुळाबाहेरून न्या. माझ्या पाहण्यात पायापेक्षा पाईपच्या चरांनी जास्त झाडं मारलीत, कारण चर नकाशात नीट दाखवलेलेच नसतात. प्लंबर येतो आणि जवळची वाट धरतो. बोअर, सेप्टिक टाकी, नळाची लाईन, विजेची केबल, सगळं आत्ताच कागदावर घ्या.

कंपाऊंड: सलग पाया नको. आठ-दहा फुटांवर खांब, खड्डे हातानं, मूळ आलं तर खांब वीतभर सरकवायचा. वरचा बीम जमिनीपासून चार बोटं वर.

रोपवाटिका

मुळांबद्दल थोडं जास्त. हातानं खणताना 25 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अंगठ्यापेक्षा जाड मूळ दिसलं तर कापायचं नाही, त्याच्या खालून किंवा बाजूनं जायचं. बारीक मूळ कापावंच लागलं तर धारदार करवतीनं सरळ कापा. जेसीबीचा दात मूळ ओढतो, ते चरात तुटतं आणि शिवाय आत बुंध्याकडे चिरत जातं. उघडं पडलेलं मूळ ओल्या गोणपाटानं झाका आणि त्याच दिवशी माती लोटा. दुपारच्या उन्हात तासाभरात बारीक मुळं वाळून जातात.

बिल्डिंगलाईन

आता माझ्याकडची गोष्ट सांगतो, कारण या आखणीत घर होतंय हे मलाही दिसतंय.

कागदावर कितीही वर्तुळं काढा, काम सुरू झालं की गवंडी पहिली सावली शोधतो. माल कालवायला, डबा खायला, सिमेंटची पोती ठेवायला सगळे झाडाखाली. खडी-वाळूचा ट्रक तिथेच रिकामा होतो. संध्याकाळी मिक्सर धुतला की ते पांढरं पाणी बुंध्याकडे वाहतं. सेंट्रिंगच्या फळ्या बुंध्याला टेकवतात, वायरसाठी खिळे ठोकतात. कुणाच्या मनात वाईट नसतं, सावली आहे म्हणून येतात.

म्हणून जेसीबी यायच्या आधी, अगदी घर उतरवण्याच्याही आधी, वर्तुळाभोवती पत्रे उभे करा. सुतळी बांधून चालत नाही, ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाळत घातलेल्या कपड्यांसाठी नेतो. कामगारांसाठी दुसरीकडे ताडपत्रीची सावली करून द्या, नाहीतर पत्र्याआड जाणारच. मिक्सर धुवायला वेगळा खड्डा. आणि हे सगळं करारात लिहा: पत्रे काढले, आत माल टाकला, तर बिलातून अमुक इतके कापणार. तोंडी सांगितलेलं पहिल्या स्लॅबपर्यंतच टिकतं. जुने पत्रे घेतले तर खर्चही फार नाही.

पाया पक्का

बिल्डिंगलाईन, तुमचा हा प्रतिसाद मी माझ्या प्रत्येक क्लायंटला पाठवणार. एकच भर. कुठे चाकगाडी आत न्यावीच लागली तर सॉ मिलमधून लाकडाच्या चिपा आणून 15 सेंटिमीटरचा थर द्या आणि वर फळ्या टाका. वजन पसरतं, माती दबत नाही. काळी माती ओली असताना तर आत पाऊलही नको, एकदा दबली की हवा जायच्या वाटा बंद होतात, आणि त्या परत मोकळ्या व्हायला वर्षं जातात.

खानापुरी

एक शंका. झाड आतून पोकळ असेल तर? आमच्या वाड्यातल्या चिंचेला ढोली आहे. एवढं सगळं करायचं आणि तेच पडायचं.

रोपवाटिका

ढोली आहे म्हणजे झाड धोक्याचं, असं नाही. जुन्या चिंचेत ढोली सर्रास असते, बाहेरचा जिवंत थर जाड असला तर ती शंभर वर्षं उभी राहते, आणि ढोलीत घुबडं नांदतात. बघायचं ते वेगळं: बुंध्याच्या तळाशी अळंब्या उगवतात का, एका बाजूची जमीन उचललेली किंवा भेगाळलेली आहे का, झाड अलीकडे कलायला लागलंय का. यातलं काही असेल तर जाणकाराला दाखवा. प्रत्येक झाड वाचवलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप तर वीतभर असतानाच काढून मोकळ्या जागी लावावं. पण धडधाकट झाड केवळ आखणीच्या आळसापायी जाऊ नये.

अप्पा शहापूर

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात छापून महापालिकेत लावावं असं आहे.

मृदगंध

आर्किटेक्टना फोन केला. आधी म्हणाले, मंजुरीला पाठवायचा नकाशा तयार आहे, आता बदल कशाला. मग तिप्पट अंतराचं सांगितलं, झाड घरावर पडू शकतं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं की घेर किती आहे. रविवारी जागेवर यायला तयार आहेत. पाया पक्का दादा, तुम्हाला सवड असेल तर याल का? आईनं जेवायलाच बोलावलंय.

पाया पक्का

येतो. 30 मीटरचा टेप माझ्याकडे आहे. तुम्ही वीसेक लाकडी खुंट्या आणि सुतळीचं बंडल आणून ठेवा. चुन्याची फक्की नको, ती मुळांच्या मातीत कशाला टाकायची. वर्तुळ खुंट्यांनी जागेवर आखू, मग आर्किटेक्टना आत उभं करून कॉलम कुठे येतात ते दाखवू. शोषखड्ड्याची जागाही तेव्हाच ठरवू. त्यासाठी पाणी कुठून आत येतं ते पाहायला हवं. मागच्या पावसाळ्यातले फोटो असतील तर काढून ठेवा.

खानापुरी

पाया पक्का, पुढच्या रविवारी खानापूरला याल का? चिंचेचा घेर मी मोजून ठेवतो.